जावरची चांदी आणि कर्नल टॉड

पाचोऱ्याच्या भुईत चांदी नाही आणि शिसेही नाही. तेथे विहीर खणली तर आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाणच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. या खडकात शिसे-चांदीच्या शिरा सहसा सापडत नाहीत. जळगावच्या सराफ बाजाराचा लौकिक केवढाही असला, तरी त्याच्या पेढ्यांवरची चांदी नेहमी बाहेरूनच आली. असे असूनही या परगण्याचा एका उजाड झालेल्या चांदीच्या खाणीशी दूरचा संबंध पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाचोरा हा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या ताब्यातला मुलूख होता. १८४३-४४ च्या सुमारास तो इंग्रजांकडे गेला. ज्या दरबाराचा अंमल खानदेशातल्या या गावांवर चालत होता, त्याच दरबाराकडे मेवाडची खंडणीही जात होती. आणि त्याच दरबाराच्या छावणीत बारा वर्षे राहिलेल्या एका परदेशी अधिकाऱ्याने पुढे मेवाडचा इतिहास लिहिला, त्यात तेथल्या बंद पडलेल्या खाणींची नोंद केली आणि मेवाडच्या एकंदर विनाशाचे माप मुख्यतः मराठ्यांच्या पदरात घातले. त्याचे नाव जेम्स टॉड.

मराठी वाचकाला टॉडचे नाव नवे नाही. राणा प्रताप, पद्मिनी, पन्ना दाई यांच्या ज्या कथा आपल्याकडे शाळकरी वयात वाचल्या जातात, त्यांचा आधुनिक काळातला प्रसार बऱ्याच अंशी टॉडच्या ग्रंथामुळे झाला. त्या ग्रंथातल्या मराठ्यांच्या चित्रामुळे मात्र इकडचा वाचक नेहमीच थोडा अस्वस्थ झालेला आहे. वीरकथांच्या गर्दीत खाणींविषयीचा मजकूर कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही. वास्तविक टॉडचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी तेवढ्या चार ओळींत जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या इतरत्र क्वचितच दिसतात.

टॉडचा जन्म २० मार्च १७८२ रोजी लंडनजवळच्या इस्लिंग्टन येथे झाला. घराणे स्कॉटिश वंशाचे. आईकडचे नातेवाईक कंपनीच्या नोकरीत असल्याने मुलाची वाट आधीच ठरलेली होती. १७९९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो बंगालकडे निघाला. सैन्यात त्याने फार मोठे पराक्रम केले नाहीत. त्याला गोडी लागली ती मोजणीची. १८०१ मध्ये दिल्लीजवळच्या एका जुन्या कालव्याच्या पाहणीचे काम त्याच्याकडे आले आणि तेव्हापासून जमीन मोजणे, नकाशे काढणे, वाटा आणि नद्या टिपून ठेवणे हा त्याचा ध्यास झाला.

१८०५ मध्ये ग्रीम मर्सर यांची दौलतराव शिंद्यांच्या दरबारी वकील म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या रक्षक तुकडीबरोबर टॉडही निघाला. त्या वेळी शिंद्यांचा दरबार एका जागी नव्हता. तंबू, तोफा, बाजारबुणगे आणि हिशेबाची दप्तरे यांसह ते एक फिरते शहरच होते. लष्कर ग्वाल्हेरला स्थिरावले ते १८१० च्या सुमारास. १८०६ च्या उन्हाळ्यात ही छावणी मेवाडात होती. एकलिंगजीच्या परिसरात महाराणा भीमसिंह आणि दौलतराव यांची भेट झाली, तिला चोवीस वर्षांचा टॉड हजर होता. सूर्यवंशाचा वारसा सांगणारा हिंदुस्थानातला हा मानाचा राजा तेव्हा कोट्याच्या जालिमसिंहाकडून येणाऱ्या तनख्यावर दिवस काढत होता. त्याच्या मुलखात गावेच्या गावे ओस होती. तरुण टॉडच्या मनावर त्या दृश्याचा जो ठसा उमटला, तो अखेरपर्यंत पुसला गेला नाही. त्याच्या ग्रंथातला मराठ्यांविषयीचा कडवटपणा मूळचा येथला आहे.

त्या दृश्यामागचा इतिहास टॉडने सांगितला त्याहून गुंतागुंतीचा होता. मेवाडने मराठ्यांना वार्षिक खंडणी देण्याचे मान्य केले ते १७३६ साली, पहिल्या बाजीरावांच्या उदयपूर भेटीच्या वेळी. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा दिला आणि साठ लाखांवर रकमेचा करार झाला. रोकड पुरेना म्हणून जावद, जीरण, नीमच हे परगणे गहाण पडले. (हे जावद वेगळे आणि खाणींचे जावर वेगळे, नावांच्या साम्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो.) परंतु मराठे मेवाडात केवळ स्वतःच्या इच्छेने शिरले असेही नव्हते. गादीसाठी भांडणाऱ्या पक्षांनी त्यांना वारंवार बोलावले. चुंडावत आणि शक्तावत या दोन बलाढ्य कुळांच्या वैराने राज्य आतून पोखरले होते. १७९१ मध्ये चुंडावतांना आवर घालण्यासाठी खुद्द महाराण्याच्या बाजूनेच महादजींना साकडे घालण्यात आले. त्यानंतर अंबाजी इंगळे यांनी मेवाडचा कारभार हाती घेऊन जी वसुली केली, ती टॉडने रागाने नोंदवली आहे आणि त्यात त्याची फारशी चूक नाही. पुढे यशवंतराव होळकर, अमीरखान आणि पेंढारी यांनी उरलेसुरले लुटले. १८१० मध्ये राजकन्या कृष्णाकुमारीला विष देण्यात आले, तेव्हा त्या दुर्दैवी प्रकरणात जयपूर आणि जोधपूर या दोन राजपूत गाद्यांची चुरस होती आणि दडपण अमीरखानाचे होते. मेवाडच्या पतनाचे धनी असे पुष्कळ आहेत.

खाणींचे गाव जावर हे उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, तिडी नदीच्या काठी, अरवलीच्या टेकड्यांत आहे. तेथली भूमी आपल्या काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी पुरातन. मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई या टेकड्या ज्या डोलोमाइटच्या बनल्या आहेत, त्यातल्या खनिजांचे वय सुमारे १७० कोटी वर्षे मानले जाते. प्राचीन सागराच्या तळाशी साचलेल्या त्या थरांत शिसे आणि जस्त गंधकाशी संयोग पावून अडकले. पुढे भूहालचालींनी थर वाकले, फाटले, आणि धातूंची खनिजे फटींतून व पट्ट्यांतून एकवटली. शिशाचे खनिज ते गॅलेना: करडे, चकचकीत, हाताला अतिशय जड. जस्ताचे खनिज स्फॅलेराइट. गॅलेनाच्या पोटात थोडी चांदी असते, आणि प्राचीन खाणकऱ्याला हवी होती ती मुख्यतः हीच चांदी. खनिज भाजून आधी शिसे काढायचे, मग ते शिसे सच्छिद्र पात्रात हवेच्या झोताखाली तापवत ठेवायचे. शिशाची भस्मासारखी राख होऊन ती पात्रात शोषली जाते आणि तळाशी चांदीची गुंजभर गोळी उरते. मणभर दगड फोडून मिळणारी चांदी इतकी थोडी असे, की राजाश्रय आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब यांच्याशिवाय हा धंदा चालणे शक्य नव्हते.

जावरमधल्या जुन्या कामांत सापडलेल्या लाकडांच्या कार्बन-कालमापनावरून तेथील खाणकाम इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकापर्यंत मागे जाते. खडकाला आग लावून तापवायचे, त्यावर पाणी ओतून तडे पाडायचे आणि छिन्नी-हातोड्याने तुकडे काढायचे, अशा पद्धतीने माणसे सुमारे शंभर मीटर खोल उतरली होती. दिव्याच्या उजेडात, लाकडी शिड्या आणि माचांवरून. टॉडने भाटांच्या वह्या आणि दरबारी आख्याने यांच्या आधारे या खाणींचा शोध राणा लाखाच्या कारकिर्दीत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस लागला असे लिहिले. भाटांच्या लेखी राजाने जे पुन्हा चालू केले ते राजानेच शोधले. टॉडपाशी कालमापनाचे साधन नव्हते. त्याने ते विधान जसेच्या तसे उचलले.

राणा लाखानंतर मात्र जावरची भरभराट झाली यात संशय नाही. राणा कुंभाची कन्या रमाबाई हिने तेथे बांधलेल्या मंदिराचा १४९७ सालचा शिलालेख आहे. डोंगराच्या कुशीत जैन आणि वैष्णव मंदिरांचे जे अवशेष दिसतात, त्यांवरून तेथे केवळ मजुरांची वस्ती नव्हती, व्यापाऱ्यांचे सधन नगर होते, हे उघड होते.

टॉडकडे परत येऊ. शिंद्यांच्या छावणीत तो १८१७ पर्यंत राहिला. ही बारा वर्षे त्याने वाया घालवली नाहीत. पदरमोड करून त्याने माहीतगार लोकांची पथके सिंधच्या वाळवंटापासून बुंदेलखंडापर्यंत पाठवली, त्यांच्याकडून वाटा, अंतरे, विहिरी, गावे यांची टिपणे घेतली, आणि वेगवेगळ्या माणसांची टिपणे एकमेकांशी ताडून नकाशा तयार केला. १८१५ मध्ये तो गव्हर्नर जनरलला सादर झाला. पेंढाऱ्यांविरुद्धच्या आणि त्यातून पेटलेल्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत हा नकाशा कंपनीच्या कामी आला. शिंद्यांच्या आश्रयाने मिळवलेले ज्ञान शिंद्यांच्याच सत्तेला आवर घालण्यासाठी वापरले गेले, ही बाब टॉडच्या चरित्रकारांनी मराठी वाचकाइतकी मनाला लावून घेतलेली नाही.

१८१८ च्या आरंभी मेवाडने कंपनीशी तह केला आणि टॉड पोलिटिकल एजंट म्हणून उदयपूरला आला. वय छत्तीस. पुढची चार वर्षे त्याच्या आयुष्यातली सर्वांत कामाची. त्याने परागंदा शेतकऱ्यांना आणि सावकारांना परत बोलावले. सरदारांनी बळकावलेल्या जमिनी सोडवण्यासाठी त्यांच्याकडून करार लिहून घेतला. भिलवाडा ही पूर्वीची भरभराटीची पेठ तेव्हा निर्मनुष्य होती. तेथे व्यापाऱ्यांना अभय आणि जकातीत सवलत देऊन त्याने ती पुन्हा वसवली. लोक त्या पेठेला त्याचे नाव द्यायला निघाले, ते त्याने नाकारले.

जावर मात्र पुन्हा वसले नाही. ते १८१२-१३ च्या भयंकर दुष्काळात बंद पडल्याचे सांगितले जाते. म्हणजे टॉड आला तेव्हा खाणी थांबून जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. तेवढ्या अवधीत सगळे संपले होते. टॉडने लिहून ठेवले आहे की खाणी पाण्याने भरल्या आहेत, खाणकऱ्यांची जात नाहीशी झाली आहे, आणि काम पुन्हा सुरू करण्याचा एक प्रयत्न फसल्यावर तो बेत सोडून देण्यात आला. पेठ आणि खाण यांच्यातला फरक येथे दिसतो. व्यापारी दूर गेला तरी त्याचे भांडवल आणि वही त्याच्याबरोबर जाते. अभय मिळाले की तो परत येतो. खाणकऱ्याचे भांडवल त्याच्या हातांत असते. कोणती शीर कुठे वळते, कुठला खांब काढला तर छत कोसळेल, पाणी कुठून झिरपते, भट्टीच्या ज्वाळेचा रंग बदलला म्हणजे काय समजायचे, हे कोणत्याही दप्तरात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे जात होते. दुष्काळाने ती साखळी एकदा तुटल्यावर तहाच्या कलमांनी ती सांधणे शक्य नव्हते.

तहाची कलमेही पाहण्यासारखी आहेत. मराठ्यांच्या खंडणीपासून मेवाडला सोडवणाऱ्या कंपनीने पहिली पाच वर्षे उत्पन्नाचा चौथा हिस्सा आणि त्यानंतर कायमचा तीन अष्टमांश हिस्सा स्वतःसाठी ठरवून घेतला. चौथाईवर टीका करणाऱ्यांनी चौथाईहून अधिक मागितले. हे ओझे जड असल्याचे टॉडला जाणवत होते; राजपुतांची बाजू फार घेतो, हा ठपका वरिष्ठांनी त्याच्यावर ठेवला तो काही उगाच नाही. पुढे ही खंडणी एका ठरावीक रकमेवर आणावी लागली आणि नंतर ती आणखी कमी झाली. उजाड खाणीत पैसा ओतायला अशा दरबारापाशी शिल्लक कोठून राहणार? त्यातच १८२० च्या दशकात सायलेशियाचे स्वस्त जस्त जगाच्या बाजारात येऊ लागले होते. जावरच्या भट्ट्या पेटवण्यात फारसा नफाही उरला नसावा.

टॉडने खाणींच्या उत्पन्नाचे आकडे मात्र जपले. विक्रम संवत १८१६, म्हणजे इसवी सन १७५९ च्या सुमारास, जावरचे उत्पन्न २ लाख २२ हजार रुपये आणि दरिब्याचे ८० हजार रुपये होते, असे तो तळटीपेत सांगतो. दरबारी कागद त्याने हाताळले नसते, तर हे आकडे कदाचित कायमचे हरवले असते. शिवाय हे साल लक्षात घेण्याजोगे आहे. तोवर मेवाड तेवीस वर्षे मराठ्यांना खंडणी देत होते आणि तरीही खाणी तीन लाखांवर उत्पन्न देत होत्या. खंडणी सुरू झाली म्हणून खाण बुडाली, असा सरळ हिशेब टॉडच्या स्वतःच्याच आकड्यांवरून मांडता येत नाही. १७६९ नंतरची अंदाधुंदी, सरदारांची यादवी, रस्त्यांवरची लूट आणि शेवटी दुष्काळ, असा तो चार दशकांहून लांबलेला ऱ्हास होता. त्यात मराठ्यांचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो एकट्या मराठ्यांचा नव्हता, एवढेच.

दुसरी चूक धातूच्या नावाची. टॉडने जावरच्या खाणींना कथलाच्या खाणी म्हटले आणि त्या कथलात चांदीचा अंश असतो असे नोंदवले. जावरमध्ये शिसे आणि जस्त होते, आणि चांदीचा अंश होता तो शिशाच्या खनिजात. त्याला हसण्याचे कारण नाही. पूर्वेकडून येणाऱ्या जस्ताला युरोपातले व्यापारीही दीर्घकाळ हिंदुस्थानी कथील म्हणत आले होते. परंतु या एका शब्दामुळे जावरची सर्वांत मोठी गोष्ट त्याच्या हातून निसटली.

जस्त काढणे हे चांदीपेक्षाही अवघड काम आहे. जस्ताचे भस्म कोळशाच्या सान्निध्यात हजार अंशांच्या वर तापवल्याशिवाय धातू सुटत नाही, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळून वाफ होते. उघड्या भट्टीत ती वाफ हवेत जाऊन जळते आणि हाती पांढरी भुकटी येते. जावरच्या कारागिरांनी यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी (खानदेशी माणसाने येथे भरताचे वांगे डोळ्यांसमोर आणावे) खनिजाच्या गोळ्यांनी भरायच्या, तोंडाला मातीची नळी बसवायची आणि त्या भट्टीत उलट्या लावायच्या. वरच्या दालनात आग; खालच्या, थंड दालनात नळीचे तोंड. वाफ खाली उतरते, थंड होते आणि जस्ताचे थेंब भांड्यात पडतात. एका भट्टीत अशा ३६ मुशी, आणि ओळीने भट्ट्याच भट्ट्या. हे काम बाराव्या-तेराव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर चालू होते. इंग्लंडात विल्यम चँपियनने ब्रिस्टल येथे जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट घेतले ते १७३८ साली. उदयपुरात चार वर्षे काढणाऱ्या टॉडच्या पुस्तकातून हा सगळा उद्योग कथलाच्या एका शब्दाखाली झाकला गेला.

१८२२ मध्ये प्रकृती ढासळल्याचे कारण देऊन टॉडने पद सोडले. वरिष्ठांचा अविश्वास हेही कारण होतेच. परतीचा रस्ताही त्याने सरळ धरला नाही. अबू, पाटण, गिरनार, सोमनाथ, कच्छ असा शिलालेख आणि नाणी गोळा करत तो मुंबईला पोहोचला आणि १८२३ च्या आरंभी इंग्लंडकडे निघाला. त्याचे गुरू जैन यती ज्ञानचंद्र यांच्या मदतीने जमवलेल्या हस्तलिखितांचा आणि नाण्यांचा साठा त्याच्याबरोबर गेला. रॉयल एशियाटिक सोसायटीचा तो पहिल्या काळातला ग्रंथपाल. १८२६ मध्ये विवाह झाला. राजस्थानच्या इतिहासाचा पहिला खंड १८२९ मध्ये आणि दुसरा १८३२ मध्ये प्रसिद्ध झाला. राजस्थान हे नाव त्या साऱ्या प्रदेशासाठी रूढ होण्यात या ग्रंथाचा हात मोठा आहे. नोव्हेंबर १८३५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. पश्चिम हिंदुस्थानातल्या प्रवासाचे पुस्तक चार वर्षांनी, १८३९ मध्ये निघाले. पुढे गौरीशंकर हीराचंद ओझा यांच्यासारख्या राजस्थानी इतिहासकारांनी शिलालेखांच्या आधारे त्याच्या वंशावळी आणि सनावळ्या दुरुस्त केल्या.

जावरची दुरुस्ती व्हायला आणखी वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथील शिशाचा पुरवठा तुटला आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे लक्ष मेवाडच्या या टेकड्यांकडे वळले. सव्वाशे वर्षांनी जावरमध्ये पुन्हा सुरुंग वाजले. आधी मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, १९६६ पासून हिंदुस्थान झिंक ही सरकारी कंपनी, आणि २००२ च्या निर्गुंतवणुकीनंतर ती खासगी मालकीची, अशा क्रमाने तेथे खाणकाम होत आले असून ते आजही चालू आहे. नव्या बोगद्यांना वारंवार जुने बोगदे लागले. पूर्वजांनी नेमक्या कुठल्या शिरा धरल्या होत्या, हे त्यांवरून कळत गेले. १९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून केलेल्या उत्खननात मुशी जागच्या जागी असलेल्या भट्ट्या निघाल्या. १९८८ मध्ये अमेरिकेतील धातुतज्ज्ञांच्या संस्थेने जावरला धातुशास्त्रातील ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली.

वापरून फेकलेल्या मुशींचे आणि मळीचे तेथले ढीग लाखो टनांचे आहेत. जावरच्या लोकांना ते नवे नव्हते. गावातल्या जुन्या घरांच्या आणि कुंपणांच्या भिंती याच मुशी एकावर एक रचून बांधलेल्या आहेत.